अनुदान कशाने मोजायचं?

तेरेखोलच्या खाडीच्या उत्तरेला सावंतवाडी तालुक्यातलं आरोंदा आणि दक्षिणेला गोव्याचा पेडणे तालुका. दोन्ही काठांना जोडणारा किरणपाणीचा पूल. माती एकच, पाऊस एकच आणि डोंगरउतारावरचा काजूही एकच. त्यातली बरीच कलमं वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्रातून निघालेल्या वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 या जातींची आहेत. पण काजू बीचा भाव उतरला की दोन काठांवरच्या बागायतदारांचं नशीब वेगळं होतं. गोवा सरकार काजूला आधारभूत किंमत ठरवून देतं. 2023 मध्ये ती किलोला 150 रुपये करण्यात आली. त्या दराने बाजारात 110 रुपये मिळाले, तर वरचे 40 रुपये शेतकऱ्याच्या खात्यात जमा होतात. महाराष्ट्राने 2024 च्या हंगामासाठी काजू बीला अनुदान दिलं, ते किलोमागे सरसकट 10 रुपये.

यातलं कोणतं राज्य उदार, हा मुद्दा बाजूला ठेवू. दोन्हीकडे अनुदान किलोवरच मोजलं जातं. पण एका काठावर भाव जितका घसरेल तितकी मदत वाढते आणि दुसऱ्या काठावर भाव कितीही पडला तरी मदत तेवढीच राहते. सरकार शेतीला किती पैसे देतं, हे आपण नेहमी विचारतो. ते पैसे कशाच्या मापाने देतं, हे फारसं विचारत नाही. नावामागे, हेक्टरी, झाडामागे, किलोमागे, पोत्यामागे अशी अनुदानाची मापं वेगवेगळी आहेत. कोणाच्या पदरात किती पडणार याचा निम्मा निकाल माप ठरवतानाच लागतो. जिथे जमीन तुकड्यातुकड्यांची आणि सातबारा नावांनी भरलेला, त्या कोकणात तर ही गोष्ट पदोपदी जाणवते.

नावामागे

सर्वांच्या ओळखीचं माप म्हणजे नाव. प्रधानमंत्री किसान सन्मान निधी योजना फेब्रुवारी 2019 मध्ये सुरू झाली आणि 1 डिसेंबर 2018 पासून लागू धरली गेली. वर्षाला 6000 रुपये, 2000 रुपयांच्या तीन हप्त्यांत. सुरुवातीला दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांसाठी असलेली ही योजना काही महिन्यांतच सगळ्या जमीनधारक कुटुंबांना खुली झाली. महाराष्ट्राने 2023 च्या अर्थसंकल्पात तेवढ्याच रकमेची नमो शेतकरी महासन्मान निधी योजना जाहीर केली. त्यामुळे पात्र कुटुंबाला दोन्ही मिळून वर्षाला 12,000 रुपये मिळतात.

या योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. एका गटात पाच भावांची नावं असतील आणि पाचांचे संसार वेगळे असतील, तर पाचही कुटुंबांना स्वतंत्र लाभ मिळतो. पाच आरचा धनी आणि पाच हेक्टरचा धनी यांना रक्कम सारखीच. छोट्या तुकड्यांच्या कोकणाला हे माप मानवतं. मात्र आयकर भरणारे, महिना 10,000 रुपये किंवा त्याहून जास्त पेन्शन घेणारे, चतुर्थ श्रेणी सोडून इतर सरकारी कर्मचारी, डॉक्टर-वकिलांसारखे व्यावसायिक वगळलेले आहेत. मुंबईत नोकरी करून आयकर भरणारा भाऊ सातबाऱ्यावर असला तरी या यादीत बसत नाही. अशा अनेकांकडून मिळालेले हप्ते वसूलही झाले आहेत.

दुसरी अट जास्त लोकांना आडवी येते. जमीन 1 फेब्रुवारी 2019 रोजी तुमच्या नावावर असायला हवी. नंतर खरेदी केलेली चालत नाही, पण वारसाने आलेली चालते. म्हणजे वडील गेले तर मुलाला लाभ मिळू शकतो, मात्र त्यासाठी वारस नोंद होऊन फेरफार मंजूर व्हावा लागतो. आजोबांच्याच नावावर थांबलेले सातबारे कोकणात घरोघरी सापडतात.

पैसे कुठे गेले, याचाही घोळ होतो. ही रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात जाते. दोन-तीन बँकांत खाती असतील तर ज्या खात्याशी आधार सर्वांत शेवटी जोडला गेला, तिथे ती पडते. जिल्हा बँकेच्या पासबुकात हप्ता दिसला नाही म्हणून तालुक्याला खेपा मारणाऱ्या माणसाचे पैसे दुसऱ्याच बँकेतल्या विसरलेल्या खात्यात पडून असू शकतात.

हेक्टरी

आता एक सातबारा जवळून पाहू. उदाहरण कल्पित आहे, पण कोकणात कोणालाही ओळखीचं वाटेल असं. गटाचं क्षेत्र 1.20.00, म्हणजे एक हेक्टर वीस आर. आकार काही रुपये-पैशांचा. भोगवटादारांच्या रकान्यात 24 नावं. त्यांतले काही आरोंद्यात, काही मुंबईत, काही गोव्यात, काही हयात नाहीत. क्षेत्र सामायिक. खाली इतर हक्कांत एखादं जुनं कूळ, एखादा सोसायटीचा बोजा. शिवाय थोडं क्षेत्र पोटखराब म्हणून लिहिलेलं, आणि प्रत्यक्षात त्याच कातळाच्या कडेला काजू उभा. या गटात एका नावाच्या वाट्याला सरासरी येतात 5 आर.

त्या 5 आरांत भात आहे असं समजू. विदर्भातल्या भंडारा, गोंदियासारख्या भातपट्ट्याच्या रेट्यामुळे राज्य सरकारने धान उत्पादकांना हेक्टरी प्रोत्साहनपर रक्कम द्यायला सुरुवात केली. 2022-23 च्या हंगामात हेक्टरी 15,000 रुपये, पुढच्या वर्षी हेक्टरी 20,000 रुपये, मर्यादा दोन हेक्टरची. ही रक्कम किती भात विकलं यावर ठरत नाही, लागवडीखालच्या क्षेत्रावर ठरते, आणि त्यासाठी खरेदी केंद्रावर नोंदणी लागते. दोन हेक्टर भात लावणाऱ्याला या हिशेबाने 40,000 रुपये होतात. 5 आरवाल्याला होतात 1,000. त्या हजारासाठी सातबारा काढा, पिकाची नोंद करा, खरेदी केंद्रावर जा, कागद द्या. दिवसाची मजुरी बुडते, रिक्षाचं भाडं जातं. घरी खाण्यापुरतं भात पिकवणारा मग नोंदणीच्या वाटेला जातच नाही. अनुदान मंजूर असतं, पण ते आणण्याचा खर्चच त्याला परवडत नाही.

हेक्टरी मापाची ही खोड जगभर दिसते. युरोपीय संघात शेतकऱ्यांना थेट रक्कम प्रामुख्याने क्षेत्रावर मिळते. त्यातली सुमारे 80 टक्के रक्कम 20 टक्के लाभार्थ्यांकडे जाते, हे युरोपीय आयोगाचीच आकडेवारी वर्षानुवर्षं सांगत आली आहे. अमेरिकेतही मोठ्या शेतीकडे मोठी रक्कम वळते. तिथल्या एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप या संस्थेने जिल्हावार आणि नावानिशी लाभार्थ्यांची माहिती लोकांसमोर मांडली, तेव्हा ते सर्वसामान्यांच्या नजरेत भरलं. आपल्याकडे दोन हेक्टरसारखी वरची मर्यादा असते, हे चांगलं आहे. पण खालच्या टोकाला फार लहान तुकड्यांचं काय करायचं, याची तरतूद या मापात सहसा नसते.

नैसर्गिक आपत्तीची भरपाईही हेक्टरीच. केंद्राच्या 2022 ते 2026 या काळाच्या निकषांत जिरायत पिकाला हेक्टरी 8,500, बागायत पिकाला 17,000 आणि बहुवार्षिक पिकाला 22,500 रुपये धरले आहेत. नुकसान किमान 33 टक्के असावं लागतं. राज्य वेळोवेळी यात स्वतःची भर घालतं. पंचनामा मात्र गावातल्या तिघांनी करायचा असतो. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक ही त्यांची जुनी नावं लोकांच्या तोंडी आहेत. सरकारी कागदांवर त्यांची पदनामं आता बदलली आहेत.

झाडामागे

कोकणात शेतकऱ्याची मिळकत जमिनीच्या विस्तारापेक्षा झाडांत असते. घराभोवतीच्या भाटात माड, माडाखाली पोफळ, पोफळीवर मिरवेल, कडेला कोकम आणि फणस. अशा बागेचं हेक्टरी माप काढणं म्हणजे एकाच जागेत उभ्या असलेल्या चार पिकांपैकी तिघांना नाकारणं. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळाने सिंधुदुर्गाचा किनारा झोडपला. त्या वेळी राज्याने बहुवार्षिक बागांना हेक्टरी 50,000 रुपये, तर नारळाला झाडामागे 250 आणि सुपारीला झाडामागे 50 रुपये असा दर लावला. माप योग्य निवडलं, पण दर तोकडा होता. पन्नास-साठ वर्षं फळ देणारा माड एका रात्रीत आडवा होतो. नवा माड लावून पहिला नारळ हाती यायला पुढची कितीतरी वर्षं जातात.

झाडाच्या मापाने दिलेल्या पैशांनी कोकण किती बदलू शकतं, याचं उदाहरण मात्र आपल्याच इतिहासात आहे. 1990 मध्ये शरद पवार मुख्यमंत्री असताना रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड सुरू झाली. रोजगार हमी म्हणजे दुष्काळात रस्ते आणि पाझर तलाव, ही तोवरची ओळख. या योजनेने शेतकऱ्याला स्वतःच्याच जमिनीत खड्डे खणण्याची मजुरी दिली. अल्पभूधारकाला कलमं, खतं, मजुरी असा पूर्ण खर्च मिळाला. पैसे एकदम न देता वर्षावर्षाच्या टप्प्यांनी दिले आणि प्रत्येक टप्पा जगलेल्या झाडांवर अवलंबून ठेवला. कागदावरच्या बागेला पुढचा हप्ता मिळत नव्हता. सिंधुदुर्गातल्या उघड्या वरकस डोंगरांवर आज जो काजू आणि हापूस दिसतो, त्यातला मोठा भाग या पैशातून उभा राहिला.

त्याच धर्तीची भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना 2018 पासून चालू आहे. रोजगार हमीच्या फळबागेत बसत नाहीत अशांसाठी ती आहे. इतर महाराष्ट्रात तिची मर्यादा 0.20 ते 6 हेक्टर, कोकणात मात्र 0.10 ते 10 हेक्टर. अनुदान तीन वर्षांत 50, 30 आणि 20 टक्के अशा टप्प्यांनी मिळतं. दुसऱ्या वर्षी 80 टक्के आणि तिसऱ्या वर्षी 90 टक्के झाडं जिवंत असावी लागतात. कोकणासाठी खालची मर्यादा 10 आरवर आणली, हे मापाचा विचार केल्याचं लक्षण आहे. तरीही वरच्या उदाहरणातला 5 आरचा धनी बाहेरच राहतो. आणि क्षेत्र सामायिक असेल तर सगळ्या सहहिस्सेदारांची संमतीपत्रं लागतात. 24 नावांच्या 24 सह्या गोळा करण्यापेक्षा कलमं स्वतःच्या पैशाने लावावीत, असं माणसाला वाटतं.

किलोमागे, पोत्यामागे, बिलामागे

काजू बीचं 2024 चं अनुदान किमान 50 आणि कमाल 2000 किलोपर्यंत होतं. सातबाऱ्यावर काजूची नोंद आणि विक्रीची पावती या अटी होत्या. इथे माप उत्पादनाचं आहे, म्हणजे राबणाऱ्याच्या बाजूचं. पण आठवडी बाजारात पायली-दोन पायली बी विकून त्याच पैशांत मासळी-मसाला घेऊन घरी येणाऱ्या बाईला पावती कोण देणार? शिवाय पोटखराब म्हणून नोंदलेल्या जागेत काजू असेल, तर सातबाऱ्यावर त्याची नोंद करून घेणं हेच एक काम होऊन बसतं. किलोचं माप चांगलं चालायला आधी खरेदीची व्यवस्था लागते. गोव्यात कृषी कार्ड आणि गोवा बागायतदारसारख्या सहकारी संस्थेची खरेदी या दोन गोष्टी हाताशी आहेत, म्हणून तिथे फरकाची रक्कम मोजता येते.

सर्वांत मोठं अनुदान मात्र शेतकऱ्याला दिसतच नाही. 45 किलो युरियाच्या पोत्याला तो 266 रुपये 50 पैसे मोजतो. खरा खर्च त्याच्या कितीतरी पट असतो आणि वरची रक्कम केंद्र सरकार खत कंपनीला देतं. 2018 पासून देशभर दुकानातल्या यंत्रावर अंगठा उमटल्यावरच कंपनीचं अनुदान सुटतं. 2022-23 मध्ये केंद्राचा खत अनुदानावरचा खर्च अडीच लाख कोटी रुपयांवर गेला होता. याचं माप पोतं, म्हणून जो जास्त पोती वापरतो त्याला जास्त. ऊस, कापूस, द्राक्ष पिकवणाऱ्या भागांकडे त्यामुळे मोठा वाटा जातो. शेणखत आणि पालापाचोळ्यावर माड जगवणाऱ्याला यातलं फारसं काही लागत नाही.

तिसरं माप बिलाचं. पॉवर टिलर, ग्रास कटर, फवारणी पंप यांना महाडीबीटी संकेतस्थळावरून अर्ज करायचा, पूर्वसंमती घ्यायची, यंत्र पूर्ण किमतीला विकत घ्यायचं, बिल चढवायचं आणि मग 40-50 टक्क्यांच्या आसपास रक्कम परत येण्याची वाट पाहायची. आधी पूर्ण रक्कम हातात असणाऱ्यालाच हे झेपतं. पूर्वसंमतीआधी खरेदी केली तर अनुदान मिळत नाही, ही गोष्ट दरवर्षी कोणाला ना कोणाला उशिरा कळते.

फळपीक विम्याचं माप आणखी निराळं. आंबा आणि काजूच्या हवामान आधारित विम्यात हप्त्याचा मोठा वाटा केंद्र आणि राज्य उचलतात, म्हणून तेही एक अनुदानच. भरपाई मात्र तुमच्या झाडावर किती मोहोर गळाला यावरून ठरत नाही. महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावर ठरलेल्या काळात अवेळी पाऊस, तापमान किंवा वारा यांनी ठरलेली रेषा ओलांडली का, यावर ती अवलंबून असते. पाऊस तुमच्या बागेत पडला आणि केंद्रावर पडला नाही, तर कागदावर नुकसान झालेलं नसतं. केंद्रं जितकी दाट, तितका हा अन्याय कमी होतो. म्हणून जास्त हवामान केंद्रांची मागणी ही विम्यातली सर्वांत कळीची मागणी आहे.

ज्याला खातंच नाही

आरोंद्यासारख्या खाडीकाठच्या गावांत एक अनुदान असं आहे, जे कोणाच्याच खात्यात जमा होत नाही आणि तरी सगळ्यांच्या पोटाशी असतं. ते म्हणजे खारबंधारा. भरतीचं पाणी थोपवणारा बांध आणि पावसाचं पाणी बाहेर सोडणारी उघाडी शाबूत असेल, तर आतल्या मळ्यांत भात होतं. बांध फुटला तर खारं पाणी शिरतं. त्या वर्षाचं पीक जातंच, शिवाय जमिनीतलं मीठ धुवून निघायला एकाहून अधिक पावसाळे जावे लागतात. मुंबई खारजमीन अधिनियम 1948 चा आणि महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियम 1979 चा. बांध सांभाळण्याची जबाबदारी सरकारने घ्यावी, हे तत्त्व मान्य होऊन कितीतरी वर्षं झाली. फुटलेल्या बांधाआतल्या शेतकऱ्याला हेक्टरी 8,500 रुपये वाटण्यापेक्षा उघाडी वेळेवर दुरुस्त करणं स्वस्त पडतं आणि न्यायाचंही असतं. त्यातून 5 आरवाल्यालाही त्याचा पुरा वाटा मिळतो. त्याला अर्ज करावा लागत नाही, संमतीपत्र आणावं लागत नाही.

राबणारा आणि धनी

वरची जवळपास सगळी मापं सातबाऱ्यातून जातात. जो दुसऱ्याचा मळा अर्धलीने लावतो, मुंबईकराची काजूची बाग कराराने घेतो, त्याचं नाव त्यात नसतं. मालकाला सन्मान निधी मिळतो आणि वादळाची भरपाईही मालकालाच मिळते. तोटा कसणाऱ्याच्या अंगावर राहतो. 2018 मध्ये तेलंगणाने रयतु बंधू योजनेत दर हंगामाला एकरी 4,000 रुपये दिले, पण फक्त जमीनमालकांना. त्याच वर्षाच्या अखेरीस ओडिशाने कालिया योजनेत वाटेकरी आणि भूमिहीन कुटुंबांनाही सामावून घेतलं. दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्यापर्यंत पोचता येतं, हे ओडिशाने दाखवून दिलं.

बायकांचंही तसंच. तरवा काढणं, लावणी, बी वेचणं ही कामं त्यांची आणि नाव पुरुषाचं. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेनंतर राज्य सरकारने 1992 मध्ये पत्नीचं नाव सातबाऱ्यावर लावण्याची वाट सोपी केली. आजच्या डिजिटल काळात या सुधारणेचं मोल वाढलं आहे, कारण आता नावावरच खातं, ओळख क्रमांक आणि अनुदान ठरतं.

आता काय करायचं

गेल्या काही वर्षांत कागद सरळ करण्याच्या सोयी वाढल्या आहेत आणि कोकणाने त्या आवर्जून वापरायला हव्यात. 1 एप्रिल 2025 पासून राज्यभर जिवंत सातबारा मोहीम सुरू झाली. मयत खातेदारांची नावं कमी करून वारसांची नावं लावणं हाच तिचा हेतू. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 85 खाली सहहिस्सेदारांत जमिनीचं वाटप करून घेता येतं. शेतजमिनीच्या वाटणीपत्राचं नोंदणी शुल्क माफ करण्याचा निर्णयही 2025 मध्ये झाला. 15 एप्रिल 2025 पासून शेतकरी ओळख क्रमांक योजनांसाठी सक्तीचा आहे. आणि 15 ऑगस्ट 2021 पासून सुरू झालेली ई-पीक पाहणी शेतकऱ्याने स्वतःच मोबाइलवर करायची असते. भरपाई असो की भाताची प्रोत्साहन रक्कम, पिकाची नोंद नसेल तर पुढचं सगळं अडतं. गणपतीला मुंबईकर गावी आले की सगळे भाऊबंद एका घरात असतात. संमतीपत्रांच्या आणि वाटपाच्या सह्या तेव्हाच उरकून घ्याव्यात.

पण सगळा भार शेतकऱ्याच्या कागदांवर टाकून चालणार नाही. सरकारने माप बदलायला हवं. 10 आरच्या खालच्या क्षेत्राला किमान ठरावीक रक्कम द्यावी, म्हणजे हेक्टरी हिशेबात ते नगण्य होणार नाही. मिश्र बागेची भरपाई झाडामागे द्यावी आणि झाडाचा दर त्याच्या वयावर ठरवावा. काजूला किलोमागे सरसकट दहा रुपयांऐवजी किमतीतल्या फरकाची हमी द्यावी आणि त्यासाठी सोसायट्यांमार्फत गावात खरेदी उभी करावी. बहुतांश सहहिस्सेदारांची संमती असेल तर फळबागेचा अर्ज स्वीकारावा. खारबंधाऱ्यांची देखभाल आपत्तीच्या खर्चात न मोजता शेतीच्या कायमच्या खर्चात धरावी. यातल्या बऱ्याच गोष्टी नव्या कोऱ्या नाहीत. त्यांचे नमुने आपल्या राज्यात किंवा शेजारच्या राज्यात आधीच उभे आहेत. ग्रामसभेत लाभार्थ्यांची यादी वाचली जाते तेव्हा कोणाचं नाव आलं एवढंच ऐकू नये. हे पैसे कोणत्या मापाने आले आणि त्या मापात आपलं गाव बसतं का, हा प्रश्न तिथेच उभं राहून विचारावा. ठराव करून तो तालुक्याला आणि जिल्ह्याला पाठवावा. तो ग्रामसभेचा हक्क आहे, आणि कोकणातल्या गावांनी तो हिरीरीने बजावायला हवा.